ढगात ठेवलेले गाठोडे

हा लेख एका चुकीतून जन्माला आला आहे आणि ती चूक माझी स्वतःची आहे. हे आरंभीच कबूल केलेले बरे. नाहीतर 'यंत्रयुगाने माणसाचे काय केले' अशा थाटाचा हा आणखी एक लेख समजून आपण पान उलटाल. यंत्राविरुद्ध माझी तक्रार नाही. मला बोलायचे आहे ते हल्ली आपल्या सर्वांच्या तोंडी असलेल्या एका शब्दाविषयी. तो शब्द म्हणजे 'सिंक'.

द्वितीय वर्षाला असताना दिवाळीच्या सुटीत मी आजोळी गेले आणि तृतीय वर्षाच्या प्रकल्पासाठी आजीच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आजी दुपारी अंगणात बसून म्हणायची, मी फोनवर ध्वनिमुद्रण करायची आणि रात्री लिहून काढायची. पहिले काही दिवस शंभर पानी वहीत लिहिले. मग कंटाळा आला आणि सरळ लॅपटॉपवर उतरवू लागले. अशा ११२ ओव्या झाल्या. फोनमध्ये जागा उरेना, तेव्हा आजीचा आवाजही लॅपटॉपवरच्या त्याच फोल्डरमध्ये हलवला आणि फोनमधून पुसून टाकला. पौषात आजी गेली.

तो फोल्डर मी 'क्लाउड'शी जोडलेला होता. घरचा लॅपटॉप आणि विभागातील संगणक, दोन्हींवर तोच फोल्डर दिसे. घरी लिहिलेले विभागात उघडावे, विभागात दुरुस्त केलेले घरी वाचावे. पेन ड्राइव्ह विसरण्याची भीती नाही, त्यातून येणाऱ्या व्हायरसची कटकट नाही. किती सुख वाटे म्हणून सांगू!

एप्रिलमध्ये विभागाच्या फळ्यावर सूचना लागली की विद्यार्थ्यांनी आपापल्या फाइली संगणकावरून काढून टाकाव्यात. मी शहाण्या मुलीसारखी गेले आणि 'घरी आहेच की' असे म्हणून फोल्डर पुसला. रीसायकल बिनसुद्धा रिकामी केली. दुसऱ्या दिवशी आजोळी गेले. जूनमध्ये परत येऊन लॅपटॉप उघडते तो काय, फोल्डर नाही! दादा तो लॅपटॉप रोज वापरत होता. पण त्याने कशालाही हात लावला नव्हता. हात लावला होता तो मीच, दीड महिन्यापूर्वी, विभागात बसून.

जे घडले ते यंत्राच्या दृष्टीने अगदी बरोबर होते. सिंकचा प्रोग्राम फोल्डरवर सतत नजर ठेवून असतो. एका संगणकावर काही बदलले की तो बदल दूरच्या साठ्याकडे जातो आणि तेथून बाकीच्या संगणकांवर उतरतो. नवी फाइल आली हा जसा बदल, तशी फाइल गेली हाही बदलच. मी 'इथून काढ' म्हटले. त्याने 'सगळीकडून काढ' असे ऐकले. पुसलेल्या फाइली त्या सेवेच्या कचरापेटीत तीस दिवस राहतात आणि मग कायमच्या जातात. माझे तीस दिवस आजोळचे आंबे खाण्यात गेले होते.

मला वाटत होते की माझ्याजवळ तीन प्रती आहेत. एक घरी, एक विभागात, एक ढगात. वास्तविक विहीर एकच होती आणि रहाट तीन होते. सांगायचा मुद्दा एवढाच की सिंक म्हणजे जतन नव्हे. सिंक ही ने-आण करण्याची सोय आहे. जपून ठेवणे हे निराळे काम आहे आणि ते अजूनही आपल्यालाच करावे लागते.

या सोयीचा जन्म कसा झाला तेही पाहण्यासारखे आहे. 'ड्रॉपबॉक्स' ही सेवा २००८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. तिच्या दोन संस्थापकांपैकी एक, ड्र्यू ह्यूस्टन, सांगतात की बॉस्टनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या बसमध्ये बसल्यावर आपण पेन ड्राइव्ह विसरल्याचे त्यांच्या लक्षात आले आणि त्यातून ही कल्पना सुचली. म्हणजे मूळ प्रश्न होता फाइल सोबत नसण्याचा. फाइल नष्ट होण्याचा नव्हे. आपण मात्र पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यालाही लागू धरले.

शिवाय 'ढग' हा शब्दही फसवा आहे. आपल्या फाइली आकाशात नसतात. त्या कुणाच्या तरी इमारतीत, कुणाच्या तरी संगणकावर असतात. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या माहितीकेंद्राला आग लागली. एक अख्खी इमारत जळाली आणि ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती अशा अनेक ग्राहकांची माहिती गेली ती गेलीच. आग सोडा, नियमही बदलतात. गूगल फोटोजमध्ये ठरावीक दर्जाची छायाचित्रे हवी तितकी फुकट ठेवता येत. १ जून २०२१ पासून चढवलेली छायाचित्रे १५ जीबीच्या मर्यादेत मोजली जाऊ लागली. घर दुसऱ्याचे असले की घराचे नियमही दुसऱ्याचेच असायचे.

कोणी म्हणेल, 'मग काय पुन्हा बोरू आणि दौत घ्यायची?' मुळीच नाही. कागदालाही वाळवी लागते, पूर येतो. पण जुन्या हस्तलिखितांत एक गुण होता, तो आपण विसरता कामा नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ मध्ये आरंभ झालेले ते काम १९६६ मध्ये पूर्ण झाले आणि त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते अभ्यासली गेली. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या त्या प्रती एकमेकींशी बांधलेल्या नव्हत्या. एका लेखकाची चूक दुसऱ्या गावच्या पोथीत आपोआप उतरत नव्हती, एकाने गाळलेला श्लोक दुसऱ्याकडे राहत होता. म्हणूनच त्या शेजारी शेजारी ठेवून जुना पाठ कोणता हे ठरवता आले. समजा, त्या साऱ्या पोथ्या 'सिंक' केलेल्या असत्या तर? कुण्या एका कंटाळलेल्या लेखकाने एक पर्व पुसले असते आणि साऱ्या भारतवर्षातून ते पर्व गेले असते!

संगणकाच्या जगातही हे शहाणपण आहेच. तेथे '३-२-१' नावाचा साधा नियम रूढ आहे. प्रती तीन असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. सिंकचा फोल्डर यात फार तर एक प्रत धरावा. दुसरी प्रत अशा डिस्कवर हवी की जिची तार काम झाल्यावर काढून ठेवता येते, कारण तार काढलेल्या डिस्कपर्यंत आपली चूक पोहोचत नाही.

याच संदर्भात प्राध्यापकांना एक नम्र विनंती करावीशी वाटते. दरवर्षी आपल्या विभागात कितीतरी प्रकल्प होतात. कुणी बोलीभाषेचे शब्द जमवतो, कुणी गावच्या जत्रेची माहिती, कुणी वृद्ध कलावंतांच्या मुलाखती. गुण मिळाले की ते सारे ज्याच्या त्याच्या फोल्डरात राहते आणि एके दिवशी नाहीसे होते. वर्षाच्या अखेरीस हे सर्व एका डिस्कवर उतरवून ती ग्रंथालयाच्या कपाटात ठेवली, वर वर्षाची चिठ्ठी लावली आणि दरवर्षी एकदा उघडून पाहिली तर फार खर्च येणार नाही. 'फाइली काढून टाका' या सूचनेआधी 'फाइली जमा करा' अशी सूचना फळ्यावर लागावी, एवढेच माझे म्हणणे.

आजीचा आवाज परत मिळाला नाही. ११२ पैकी ३८ ओव्या मात्र राहिल्या, कारण कंटाळा येण्यापूर्वी मी त्या वहीत लिहिल्या होत्या. श्रावणात त्या दुसऱ्या वहीत उतरवून मी मामीला नेऊन दिल्या. मामीने बरीच वर्षे आजीसोबत दळण दळले आहे. दसऱ्याला गेले तेव्हा तिने ती वही माझ्यापुढे ठेवली. मागच्या पानांवर पेन्सिलीने, मोठ्या अक्षरांत, तिला आठवलेल्या आणखी सहा ओव्या होत्या. शिवाय माझ्या दोन ओव्यांखाली तिने रेघ ओढून 'आत्या असं म्हणायच्या नाहीत' असे लिहून आपला पाठ दिला होता.

प्रकल्पात आता ४४ ओव्या आहेत. त्या दोन ओव्यांचे दोन्ही पाठ मी तसेच ठेवले आहेत.

— तृतीय वर्ष कला (मराठी)