सायंकाळचे बोलणे

परवा गुडीहत्नूर येथील एका ओळखीच्या घरी सायंकाळी जाण्याचा योग आला. सारी मंडळी दूरदर्शनसमोर बसली होती. आजीबाईंनी नातवाला विचारले, "काय रे बाळा, आज शाळेत काय शिकवले?" पडद्यावरची दृष्टी न काढता तो म्हणाला, "थांब ना आजी, ब्रेकमध्ये सांगतो." ब्रेक आला नि गेला. बाळाला प्रश्नाचा विसर पडला आणि आजीबाईंनी तो पुन्हा विचारला नाही. त्या मुकाट्याने तुरीच्या शेंगा सोलीत राहिल्या.

प्रसंग लहानसा, परंतु तो आमच्या मनातून जाईना.

दूरदर्शनला सरसकट दोष देणे आम्हांस मान्य नाही. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने देशातील सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम दाखविण्यात आले. तेव्हाचे आंध्र प्रदेश राज्यही त्यांत होते. गावात संच एकच. सारे गाव एकत्र बसून पाही. पाहिलेल्या गोष्टीवर बोलावयास शेजारी जवळच असे. पुढे घरोघरी संच आले, वाहिन्या दिवसरात्र चालू लागल्या, आणि आता तर हातोहाती मोबाईल आहे. एकाच छपराखाली चौघे चार गोष्टी पाहतात. मग कोणी कोणाशी काय बोलावे?

सीमेवरील आपल्या कुटुंबांना याची झळ अधिक लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा शेजारचे किनवट मुंबई राज्यात गेले व आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले. २०१४ पासून आपला जिल्हा तेलंगणात आहे. मुलांनी तेलुगू, हिंदी, इंग्रजी अवश्य शिकावी; त्यांत त्यांचे हितच आहे. परंतु आजीची मराठी, तिच्या म्हणी, नात्यागोत्यांची नावे, पीकपाण्याचे शब्द हे मुलाला मिळतात ते घरातील बोलण्यातूनच. पडदा बोलतो, पण ऐकत नाही. मूल चुकले तर तो सुधारीत नाही, अडले तर शब्द पुरवीत नाही. ते काम माणसाचे.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या खेड्याने यावर एक उपाय केला. टाळेबंदीच्या काळात अभ्यासासाठी मुलांच्या हाती आलेला मोबाईल शाळा उघडल्यावरही सुटेना, आणि मोठी माणसेही दूरदर्शनपुढून उठेनात. तेव्हा गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून नियम घातला: सायंकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजताच संच व मोबाईल बंद, ८.३० वाजता पुन्हा भोंगा, तोवर अभ्यास, वाचन आणि आपसांतले बोलणे. आरंभी पुष्कळांना हे हसण्यावारी न्यावेसे वाटले. तरी गावाने तो नियम पाळून दाखविला.

आपल्या घराला भोंग्याची गरज नाही. जेवणाची वेळ तेवढी राखली तरी पुरे. ताटे मांडली की संच बंद व्हावा, मोबाईल फडताळात जावे, आणि हा नियम आधी वडिलधाऱ्यांनी पाळावा. कारण मुले सांगितलेले विसरतात, पाहिलेले विसरत नाहीत. आरंभी कोणाला काय बोलावे ते सुचणार नाही. सुचू द्यावे. थोडी शांतता सोसावी.

मग आजीबाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारावा. उत्तर द्यावयास बाळाला ब्रेकची वाट पाहावी लागणार नाही.