बेलाचे पान वाहावे, फांदी नव्हे

माघ वद्य चतुर्दशी समीप आली की आमच्या परभणी-नांदेडकडील बाजारांत बेलाच्या जुड्या दिसू लागतात. जुड्या म्हणावयाच्या एवढेच. वस्तुतः त्या मोडून आणलेल्या फांद्याच असतात. गेल्या शिवरात्रीस पूर्णेनजीक चुडावा येथे कीर्तनसेवेसाठी आम्ही गेलो होतो. स्थानकावरून गावात येताना बांधावरचा एक बेल दृष्टीस पडला. शेंड्यापर्यंत ओरबाडलेला, आणि खाली मातीत हिरवी, टणक फळे विखुरलेली. त्या रात्री योजलेले आख्यान आम्ही बाजूस ठेवले व बेलावरच बोललो. चार मंडळी नाराज झाली, हेही प्रांजळपणे सांगतो.

बेलास फुले येतात ज्येष्ठाच्या सुमारास आणि फळ पिकावयास जवळजवळ वर्ष लागते. शिवरात्रीस झाडावर असलेले फळ पुढे ऐन उन्हाळ्यात, सरबताच्या दिवसांत, हाती यावयाचे. फांदी मोडणारा भक्त आठ-नऊ महिन्यांची ही तपश्चर्या एका झटक्यात मातीस मिळवितो.

शास्त्राची आज्ञा तरी काय आहे? चतुर्थी, अष्टमी, नवमी, चतुर्दशी, अमावास्या, संक्रांत व सोमवार या दिवशी बेल तोडू नये. शिवरात्र ही चतुर्दशीच. तेव्हा पाने आदल्या दिवशीच खुडून ठेवावयाची. बेलास शिळेपणाचा दोष नाही. नवे पान न मिळाल्यास वाहिलेलेच पान धुऊन पुन्हा वाहावे, इथवर मुभा आहे. इतकी सवलत दुसऱ्या कोणत्या पत्रीस आहे? आम्हांस तीत वृक्षाविषयीची कणवच दिसते. लक्ष बेल वाहण्याचा संकल्प करणाऱ्यांनी या मुभेचा अवश्य विचार करावा.

आज श्रीफळ म्हटले की आपल्यापुढे नारळ उभा राहतो. अमरकोशात मात्र ते बिल्वाचे नाव आहे. इतर फळे पिकलेली उत्तम, बेलफळ मात्र कच्चेच अधिक गुणकारी, असे भावप्रकाश सांगतो. अतिसारावर कोवळ्या फळाचा गर वाळवून देत, त्याचाच मुरांबाही घालीत. बियांभोवतीचा चिकट रस डिंकासारखा वापरीत. दशमुळांत बेलाचे मूळ येते, आणि येथेच आमची चिंता आहे. पान खुडले तर झाड जगते; मुळेच खणून काढली तर ते कसे जगावे? औषधांचा खप वाढला, त्या मानाने बेल कोणी लावले?

नव्या विद्येचा आम्हांस तिटकारा नाही. लखनौ व पंतनगर येथील संशोधकांनी बेलाचे निवडक वाण सिद्ध केले आहेत. बियांपासूनच्या झाडास फळ धरावयास सात-आठ वर्षे लागतात. कलमास त्याहून पुष्कळ कमी. गराचे सरबत, वड्या, भुकटी असे पदार्थ आता होतात. हलक्या, कोरड्या जमिनीतही तग धरणारे हे झाड मराठवाड्याच्या बांधावर शोभणारे आहे. परभणीस 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. देवस्थानांच्या विश्वस्तांनी मंडपाच्या रोषणाईतील थोडा पैसा वाचवून तेथील जाणकारांचा सल्ला घ्यावा आणि देवळामागे चार कलमे लावावीत.

चुडाव्याच्या त्या बेलास पावसाळ्यात धुमारे फुटल्याचे तेथील एका गृहस्थांनी कळविले. यंदाही तेथून बोलावणे आहे. पाने आम्ही आदल्या दिवशी, बांधाच्या मालकास विचारून, हातानेच खुडणार आहोत.