पूनम राऊतचे सीमोल्लंघन

विजयादशमीच्या आदल्या दिवसापासून पालघर स्टेशनाबाहेर जव्हार-विक्रमगडाकडून आलेल्या बाया आपट्याच्या डहाळ्या आणि झेंडूच्या राशी मांडून बसतात. तिकडे बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांना हार चढतात, हत्यारांना हळदकुंकू लागते. खंडेनवमीला ज्याचे जे शस्त्र, त्याची त्याने पूजा करावी, हा आपला कुळाचार. एखाद्या घरी पाटावर मुलीची क्रिकेटची बॅटही मांडलेली दिसते आणि पाहणाऱ्याला त्यात आता नवल वाटत नाही. माझ्या पिढीला मात्र वाटते, हे कबूल केले पाहिजे.

सीमोल्लंघन या शब्दाशी क्रिकेटचे नाते समालोचकांनी जोडून ठेवलेच आहे. चेंडू 'सीमापार' गेला असे आपण सहज म्हणतो. या दसऱ्याला मला सांगायची आहे ती गोष्ट मात्र चेंडूच्या सीमोल्लंघनाची नाही. मुंबईच्या पूनम राऊतने एकदा बॅट काखोटीला मारून आपल्या पायांनी सीमारेषा ओलांडली, त्याची ती गोष्ट आहे. राऊत हे आडनाव आमच्या केळवे-माहीमकडे पावलोपावली भेटते, म्हणून तिला 'आमचीच' म्हणण्याचा मोह इथे पुष्कळांना होतो. तो हक्क मी सांगत नाही. गोष्ट आमच्या उपयोगाची आहे, एवढे पुरे.

१९८९ साली जन्मलेली ही सलामीची फलंदाज २००९ मध्ये भारतीय संघात आली. २०१७ च्या मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेत आयर्लंडविरुद्ध तिने आणि दीप्ती शर्माने ३२० धावांची सलामी दिली. दीप्तीच्या १८८, पूनमच्या १०९. दोनच महिन्यांनी लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. विजयासाठी २२९ धावा हव्या होत्या. पूनम ८६ धावा काढून बाद झाली तेव्हा धावफलकावर १९१ होत्या. त्यानंतर अवघ्या २८ धावांत उरलेला संघ कोसळला आणि ९ धावांनी घास हिरावला गेला. त्या रविवारी रात्री ज्यांच्या घरी पाने वाढून तशीच राहिली, त्यांना हे अधिक सांगायला नको.

परंतु मला बोलायचे आहे ते १ ऑक्टोबर २०२१ च्या दुपारविषयी. ऑस्ट्रेलियात करारा येथे भारतीय महिलांचा पहिला प्रकाशझोतातील कसोटी सामना चालू होता. स्मृती मानधनाने १२७ धावा केल्या होत्या आणि पूनम १६५ चेंडू खेळून ३६ धावांवर चिवटपणे उभी होती. सोफी मॉलिन्यूच्या चेंडूवर यष्टीरक्षक एलिसा हीलीने झेल घेतला. अपील झाले, पंचांनी मान हलवून नकार दिला. त्या मालिकेत पंचांचा निर्णय फिरवून घेण्याची सोयही नव्हती. म्हणजे पूनम सुरक्षित होती. तरीही ती वळली आणि तंबूकडे चालू लागली. बॅटीला चेंडू लागला होता आणि हे तिला ठाऊक होते, एवढेच.

यावर मतभेद झाले, व्हायलाच हवे होते. पंच चुकीचे बादही देतात, तेव्हा कोणी परत बोलावत नाही; मग चूक आपल्या बाजूने झाली तर ती का नाकारावी, हा युक्तिवाद पोकळ नाही. त्यातून महिलांच्या कसोटीचे दुर्भिक्ष पाहा. २०१४ च्या नोव्हेंबरात म्हैसूरला पूनमने १३० धावा काढल्या, थिरुष कामिनीबरोबर २७५ ची भागी केली, आणि त्यानंतर भारतीय महिलांना पुढची कसोटी मिळाली ती थेट जून २०२१ मध्ये! साडेसहा वर्षे जिला वाट पाहावी लागली, तिने हाती आलेला डाव सोडून द्यावा? पुरुष फलंदाजाला पुढच्या आठवड्यात दुसरी संधी असते, हिला नव्हती. कराराची ती तिची चौथी कसोटी. पाचवी तिच्या वाट्याला आली नाही.

२०२२ च्या विश्वचषकासाठी संघ निवडला गेला तेव्हा त्यातही तिचे नाव नव्हते. आदल्याच वर्षी मार्चमध्ये लखनौला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिने नाबाद १०४ धावा केल्या होत्या. या वगळण्याचा आणि कराराच्या त्या चालण्याचा संबंध जोडणे अन्यायाचे होईल. परंतु प्रामाणिकपणाची बक्षिसी लागलीच मिळते, अशी थापही मुलींना मारू नये. त्याच विश्वचषकातून जेमिमा रॉड्रिग्जही वगळली गेली होती. तिला पुढे दिवस आला: ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७, आणि तीन दिवसांनी भारताच्या हाती विश्वचषक. पूनमला तसा दिवस आला नाही. म्हणून तिचे कर्तृत्व उणे ठरते, असे मला वाटत नाही.

आता आमच्याकडचे. २०१७ च्या त्या संघातील १५ पैकी १० जणी रेल्वेच्या नोकरीत होत्या, पूनम त्यांतलीच. महिला क्रिकेटला रेल्वेने पोसले, हे ऋण मान्य करावे. आमच्या मुलीला मात्र रेल्वे भेटते ती पहाटेच्या डहाणू लोकलच्या रूपाने. माहीमच्या शार्दूल ठाकूरचे उदाहरण इथे घरोघर सांगतात. पण त्याला शाळेसाठी बोरिवलीत प्रशिक्षक दिनेश लाड यांनी आपल्या घरी ठेवून घेतले होते, हा भाग सांगताना गाळतात. चौदा वर्षांच्या मुलीला परक्या घरी ठेवायला किती आईबाप धजतील? चर्चगेट इथून सुमारे ९० किलोमीटर, बोईसरहून शंभरावर. वसाहतीतील कारखानदारांनी एक चांगली खेळपट्टी, दोन जाळ्या आणि मुलींसाठी कपडे बदलायची एक बंद खोली एवढे बोईसरात उभे केले, तर दसऱ्याच्या हारांवरील खर्चापुढे तो खर्च फार मोठा नाही. बंद खोलीचे मुद्दाम लिहिले आहे. पुष्कळ मुलींचा खेळ तिथेच सुटतो, आणि तसे उघड कोणी म्हणत नाही.

परवा लोकलमध्ये महिलांच्या डब्याच्या दाराशी एक मुलगी तिच्या उंचीएवढी क्रिकेटची पिशवी सांभाळत उभी होती. विरारला गर्दी वाढली तशी एका मासळीवाल्या मावशीने आपली पाटी पायाने सरकवली आणि म्हणाली, "ठेव गं ती इथे."