बातमीची वेबसाइट कशी पारखावी?

भिलाईच्या पोलाद कारखान्यात १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून नागपूर, भंडारा, गोंदियाकडची कितीतरी मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त तिथे स्थायिक झाली. मुलगा किंवा जावई भिलाईत आणि आईवडील गावी, असे चित्र आजही अनेक घरांत दिसते. पूर्वी खुशाली पत्राने कळायची. आता सकाळी चहाबरोबर मोबाइलवर बातम्यांची वेबसाइट उघडली जाते. म्हणूनच ती वेबसाइट कितपत भरवशाची आहे, हे घरातल्या प्रत्येकाला पारखता आले पाहिजे.

९ ऑक्टोबर २०१८ चा दिवस आठवावा. सकाळी कारखान्याच्या कोक ओव्हन विभागात गॅसवाहिनीची दुरुस्ती सुरू असताना स्फोट झाला आणि अनेक कामगार होरपळले. जखमींना सेक्टर ९ च्या रुग्णालयात हलवण्यात आले. त्या दिवशी मृतांचा आकडा एका वेबसाइटवर एक, तर दुसरीवर दुसरा दिसत होता. पुढे काही जखमींचाही मृत्यू झाला आणि आकडा वाढला. ज्यांचा माणूस त्या पाळीला कामावर होता, त्यांनी कोणावर विश्वास ठेवायचा?

वेळ पाहा, सूत्र पाहा

आकडे वेगळे आहेत म्हणजे कोणीतरी खोटे बोलत आहे, असे लगेच समजू नये. दुर्घटनेच्या पहिल्या काही तासांत माहिती बदलतच असते. फरक पडतो तो सांगण्याच्या पद्धतीत. बातमी किती वाजता दिली आणि शेवटची केव्हा बदलली, ही वेळ स्पष्ट लिहिलेली असावी. आकडा पोलिसांनी दिला, व्यवस्थापनाने की रुग्णालयाने, तेही असावे. नुसते ‘सूत्रांकडून समजते’ एवढ्यावर समाधान मानू नये. जुना आकडा गुपचूप पुसून नवा टाकण्यापेक्षा ‘आधीच्या बातमीत हा आकडा चुकला होता’ असे मोकळेपणाने सांगणारी वेबसाइट अधिक प्रामाणिक समजावी. शीर्षक एक आणि मजकूर भलताच असेल, किंवा जाहिरातीवर ‘प्रायोजित’ अशी खूण नसेल, तर तिथे सावध राहावे.

बटणे कशासाठी?

बहुतेक वेबसाइटवर प्रतिक्रियांची चौकट असते, मतचाचणी असते, बातमी पुढे पाठवण्याचे बटण असते. हे पाहून वाचकाला वाटते की इथे आपल्याला विचारले जाते. पण मतचाचणीत ज्यांना मत द्यावेसे वाटले तेच मत देतात, त्यामुळे ‘८० टक्के लोक म्हणतात’ हा निष्कर्ष साऱ्या शहराचा ठरत नाही. प्रतिक्रियांचेही तसेच आहे. कोणी लक्ष ठेवणारा नसेल, तर तिथे शिवीगाळच उरते. अमेरिकेतील एनपीआर या नभोवाणी संस्थेने २०१६ मध्ये आपल्या वेबसाइटवरील प्रतिक्रियांचा विभाग बंदच केला. म्हणून बटणे किती आहेत हे मोजू नये. आपण पाठवलेला मजकूर कोणी वाचतो का, हे पाहावे.

छत्तीसगडचे उदाहरण

याबाबतीत छत्तीसगडनेच एक चांगला धडा दिला आहे. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांच्या पुढाकाराने २०१० मध्ये ‘सीजीनेट स्वरा’ सुरू झाले. गावातल्या माणसाने साध्या फोनवरून आपली बातमी स्वतःच्या आवाजात सांगायची, संपादन करणाऱ्यांनी ती तपासायची आणि मग ती फोनवर व वेबसाइटवर इतरांना ऐकवायची, अशी ही पद्धत. त्यामुळे लिहितावाचता न येणारा गोंडी भाषक आदिवासीही बातमीदार झाला. हातपंप बंद आहे, मजुरी मिळालेली नाही, अशा तक्रारींसोबत संबंधित अधिकाऱ्याचा फोन नंबर सांगितला जाई आणि ऐकणारे त्याला फोन करत. काम झाले की तसा निरोपही पुन्हा ध्वनिमुद्रित होई. तिथे झगमगाट नव्हता, पण सांगणाऱ्याला उत्तर मिळत होते.

घरच्या घरी परीक्षा

आपली वेबसाइट पारखण्यासाठी फार शिक्षण लागत नाही. आपल्या वस्तीतली, स्वतः पाहिलेली एखादी घटना निवडावी. पाणी दोन दिवस आले नाही किंवा रस्ता खोदून ठेवला, तर त्याची बातमी दोन-तीन ठिकाणी वाचावी. ठिकाण, तारीख, नावे बरोबर आहेत का ते पाहावे. चूक आढळल्यास पानाच्या तळाशी दिलेल्या संपादकाच्या किंवा तक्रार अधिकाऱ्याच्या पत्त्यावर ती सभ्य भाषेत कळवावी. दुरुस्ती झाली, निदान उत्तर आले, तर ती वेबसाइट ठेवावी. तसा पत्ताच दिलेला नसेल, तर दुसरी शोधावी. आणि दुर्घटनेची बातमी असेल, तेव्हा कुटुंबाच्या ग्रुपवर ती पाठवण्याआधी वेळ व सूत्र तपासावे. त्या बातमीची वाट पाहत कोणाची तरी आई बसलेली असते.