एका पिशवीतले चार आजार

आपल्या बहुतेक घरांत खुंटीला एक प्लॅस्टिकची पिशवी लटकलेली असते. तिच्यात अम्मीच्या नाहीतर दादांच्या गोळ्या, दुमडलेले केसपेपर, गेल्या वर्षीचा रक्ताचा रिपोर्ट. शुगरची गोळी एका डॉक्टरची, बीपीची दुसऱ्याची, गुडघ्यासाठीची मेडिकलवाल्याने अंदाजाने दिलेली आणि तळाशी हकीमसाहेबांची पुडी. ही अख्खी पिशवी एकदा टेबलावर ओतून बघणारा माणूस आपल्या आरोग्यव्यवस्थेत कोण आहे? माझ्या मते, आज कोणीच नाही. आणि ते काम प्राथमिक आरोग्य केंद्राचे आहे.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे माझी नजर आधी नोंदवह्यांवर जाते. धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या आशाताईच्या हातातले कागद पाहा. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची मधुमेह, रक्तदाब आणि कर्करोगासाठी तपासणी, तिचा वेगळा फॉर्म. क्षयरोगाची नोंद 'निक्षय'वर. २०१५ पासून शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प', त्यात मन उदास आहे का याचे प्रश्न. दार तेच, माणूस तोच, पण प्रत्येक कार्यक्रमाचे खाते निराळे. आमच्या धंद्यात याला एकच शब्द आहे: रचनाच चुकली. मुख्य नोंद माणसाची हवी आणि आजार तिच्याखाली यायला हवेत. इथे मुख्य नोंद आजाराची आहे. कागदावर जिल्हा धाराशिव झाला, जुन्या केसपेपरवर उस्मानाबाद आहे, तेवढे जुळवून घेता येते. तीन खात्यांतली एकच बाई मात्र जुळवली जात नाही.

हे म्हातारपणाचे रडगाणे समजून तरुण वाचकांनी पुढे जाऊ नये. २०१२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्कॉटलंडमधल्या साडेसतरा लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास आला. त्यांतल्या सुमारे २३ टक्के लोकांना दोन किंवा अधिक जुनाट आजार होते. गरीब वस्त्यांत हे दुखणे सुखवस्तू वस्त्यांपेक्षा १० ते १५ वर्षे आधी गाठत होते आणि असे रुग्ण मोजले तर पासष्टीच्या आतलेच जास्त निघाले. आपल्याकडे २०२३ मध्ये आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीने देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज दिला, प्रौढांपैकी ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब. हे दोन वेगवेगळे जमाव नाहीत, त्यांतली पुष्कळ माणसे तीच आहेत. धाराशिव तर २०१८ मध्ये नीती आयोगाने 'आकांक्षित' ठरवलेला जिल्हा. मागास म्हणायचे नव्हते म्हणून आकांक्षित.

एकेका आजाराचा कार्यक्रम वाईट असतो असे माझे म्हणणे नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा हे जिल्हे आधी घेतले गेले. ठरलेली मोजकी औषधे, नर्सच्या मोबाइलवर साधे अॅप, तारीख चुकवली की त्या माणसाचे नाव यादीत वर. असे सुटसुटीत सॉफ्टवेअर सरकारी कामात क्वचित दिसते. पण ते रक्तदाबाचा माग ठेवायला निघालेले होते. गुडघे दुखतात म्हणून ती बाई परस्पर काय खाते, हे त्याला कुठून कळणार?

आणि खरी गोम तिथेच आहे. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन या दोन्ही गोळ्या सर्रास दिल्या जातात, योग्यच आहेत. त्यांच्या जोडीला रोज डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी गेली, की तिघी मिळून मूत्रपिंडावर घाव घालू शकतात. मधुमेह्याचे मूत्रपिंड आधीच नाजूक. क्षयरोगाच्या उपचारातले रिफॅम्पिसिन घ्या: ते ग्लिमेपिराइड आणि अम्लोडिपिन दोन्हींचा असर कमी करते. शुगर आणि बीपी एकदम वर जातात आणि पेशंट पथ्य पाळत नाही म्हणून बोलणी खातो. माझ्या खालाच्या पिशवीत दोन वेगळ्या नावांच्या स्ट्रिप निघाल्या, एक सरकारी, एक खाजगी दवाखान्याची. दोन्हींत टेल्मिसार्टनच. ती फजरला उठताना चक्कर येते म्हणायची, घरातले म्हणायचे अशक्तपणा आहे. (हे वाचून कोणी घरातली गोळी आपल्या मनाने बंद करू नये. पिशवी घेऊन डॉक्टरकडे जावे.)

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तरी मजुरी बुडवून सकाळच्या ओपीडीला जायचे, शुगरसाठी एका दिवशी, छातीसाठी दुसऱ्या दिवशी, हे परवडत नाही. शिवाय कळंब, वाशी, भूम, परंड्याकडची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात ती उन्हाळ्यातच परततात. महिन्याच्या गोळ्या पिशवीत. पुढचे चार-पाच महिने फडावर कोण देणार? गाव सोडताना पूर्ण हंगामाची औषधे आणि एका पानावर सगळ्या आजारांची, सगळ्या गोळ्यांची यादी द्यायला कुठल्या नव्या योजनेची गरज असेल असे मला वाटत नाही.

आता रमजानबद्दल, कारण हे आपल्याच घरातले आहे. नुसती शुगर असलेल्याला रोजा ठेवता येईल की नाही, हा एक प्रश्न. शुगर, त्यात मूत्रपिंड कमजोर, त्यात लघवी वाढवणारी बीपीची गोळी, हा अगदी वेगळा प्रश्न. आजाऱ्याला सवलत सूरह बकरामध्येच दिलेली आहे, तरी आपले वडीलधारे डॉक्टरला रोज्याबद्दल सांगत नाहीत. डॉक्टर विचारत नाहीत. सहरीला दोन वेळच्या गोळ्या एकदम घेणारे मी पाहिले आहेत. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाचा सल्ला असा की, रमजानच्या ६ ते ८ आठवडे आधी डॉक्टरला भेटावे. म्हणजे रजबमध्येच. शाबानच्या शेवटच्या जुम्म्याला मशिदीत घोषणा करून काही हाती लागत नाही, रजबच्या पहिल्या जुम्म्याला करा.

आपल्या मोहल्ल्यांतल्या मोफत तपासणी शिबिरांवर माझा राग आहे, तोही सांगून टाकतो. बीपी मोजा, बोटाला सुई टोचा, बॅनरसमोर फोटो, झाले. ज्याची शुगर तीनशे निघाली त्याचे पुढच्या महिन्यात काय झाले, हे आयोजकांपैकी कोणाला ठाऊक नसते. याच जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना शिकवून 'भारतवैद्य' केले. शिबिर उठून जाते, गावातली बाई गावातच राहते.

तेव्हा पुढच्या वेळी शिबिराचा मांडव घालण्याऐवजी मोहल्ल्यातल्या दहा-बारा मुलामुलींनी घरोघर जाऊन पिशव्या उघडाव्यात. प्रत्येकाचे एक पान: ब्रँडचे नाव नको, स्ट्रिपवर बारीक अक्षरात छापलेले मूळ औषधाचे नाव. कोणी दिले, कधीपासून, दिवसातून किती वेळा. वेदनाशामक, हकीमांची पुडी, 'ताकदीचे' इंजेक्शन, सगळे लिहायचे. लाज वाटते म्हणून जे लपवले जाते तेच बहुधा महत्त्वाचे असते. निदान आपण करायचे नाही. ते पान आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांपुढे किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांपुढे ठेवायचे.

आणि मागायचेही. २००७ मध्ये महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. औषध का मिळत नाही, डॉक्टर का हजर नसतात, असे प्रश्न लोकांनी जनसुनवाईत उभे राहून विचारले. आता जन आरोग्य समितीत विचारायचे प्रश्न थोडे बदलले आहेत. दोन-तीन आजार असलेल्यांसाठी आठवड्यातला एक दिवस ठरवता का? शुगर, बीपी, छाती, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, मनाची विचारपूस, सगळे एकाच खेपेत होईल का? आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधीची तारीख आत्ताच लिहून देता का?