चढाईचे गुण आणि कोपऱ्यातला गडी

गेल्या हिवाळ्यात अंबरनाथ पूर्वेला एका मंडळाच्या कबड्डी स्पर्धेत मी गुणलेखकाच्या शेजारी बसलो होतो. मला स्वतःला खेळता येत नाही, पण अक्षर बरे आहे. तेवढ्या भांडवलावर ती खुर्ची मिळाली. उपान्त्य सामना आमच्या बाजूच्या संघाने ४ गुणांनी जिंकला. बक्षीस समारंभात ‘सामन्यातील उत्कृष्ट खेळाडू’ म्हणून चढाईपटूचे नाव पुकारले गेले. त्याचे ११ गुण होते. टाळ्या झाल्या, हार घातला गेला. बदलापूरहून लोकलने येणारा आमचा डावा कोपरारक्षक तेव्हा मैदानाच्या कडेला बसून गुडघ्याची पट्टी सोडत होता. गुणपत्रिकेवर त्याच्या नावे अवघ्या २ पकडी होत्या.

आता माझ्या वहीची गोष्ट. वेळ जावा म्हणून मी एक उद्योग केला होता. कोणता गडी कधी बाद होऊन बसला, कधी उठून आत आला आणि त्या क्षणी गुणफलक काय होता, एवढेच टिपत गेलो. रात्री कल्याणकडे परतताना गाडीत बेरीज मांडली आणि चक्रावलो. कोपरारक्षक मैदानात असताना आमचा संघ ९ गुणांनी पुढे होता. तो बाहेर असताना ५ गुणांनी मागे. चढाईपटू मैदानात असताना मात्र संघाची आघाडी फक्त १ गुणाची, आणि तो बाहेर बसलेला असताना ३ गुणांची!

कोणी म्हणेल, हा आकड्यांचा खेळ आहे. असेलही. पण कारण शोधले तर ते उघड्यावरच आहे. चढाईपटूच्या ११ गुणांपैकी ६ बोनसचे होते. समोर सहा किंवा अधिक गडी असताना बोनस रेषा ओलांडली की एक गुण मिळतो. मात्र त्याने समोरचा गडी मरत नाही आणि आपला बसलेला गडी उठतही नाही. स्पर्शाच्या गुणात या दोन्ही गोष्टी होतात. गुणपत्रिकेवर दोहोंची किंमत तीच, एकाला एक. शिवाय हा गडी सात वेळा पकडला गेला, आणि प्रत्येक वेळी त्याला उठवण्यासाठी कुणा दुसऱ्याला पकड करावी लागली. ती पकड बहुधा कोपऱ्यातून सुरू होई. घोटा धरायचा कोपऱ्याने, वरून येऊन दाबायचे मध्यरक्षकाने, आणि कागदावर नाव चढायचे मध्यरक्षकाचे. लोण चढला की संघाला जादा २ गुण मिळतात. ते तर कोणाच्याच खात्यात जात नाहीत.

हा वाद आपल्या लाल मातीतच आहे असे समजू नये. अमेरिकेत बास्केटबॉलच्या बाद फेरीवर असल्याच भांडणांचे ढीग पडले आहेत. जॉन हॉलिंजर यांनी खेळाडूची सारी कामगिरी एका आकड्यात बसवणारे ‘प्लेअर एफिशियन्सी रेटिंग’ काढले. त्यावर मोठा आक्षेप असा, की मोजता येईल तेवढेच ते मोजते. प्रतिस्पर्ध्याला नुसते अडवून धरणारा त्यात दिसत नाही. म्हणून दुसरे माप आले, ‘प्लस-मायनस’: खेळाडू मैदानात असताना संघ किती पुढे, किती मागे. (माझी वही म्हणजे त्याचीच गरीब बहीण.) २०१५ च्या अंतिम मालिकेत लेब्रॉन जेम्सने सामन्यामागे सरासरी ३५.८ गुण केले, पण त्याचा संघ ४-२ ने हरला. मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला आंद्रे इगुओडालाला. त्याची सरासरी १६.३ होती आणि लेब्रॉनला रोखण्याचे मुख्य काम त्याच्याकडे होते. अकरापैकी सात मते इगुओडालाला, चार लेब्रॉनला. आजही दोन्ही बाजूंचे लोक हिरीरीने भांडतात. मला त्या भांडणाचा हेवा वाटतो, कारण आपल्याकडे माप एकच आहे आणि भांडायलाही कोणी उभा राहत नाही.

प्रो कबड्डीच्या बाद फेऱ्या आठवून पाहा. २०१७ मध्ये पाटण्याच्या परदीप नरवालने हरियाणाविरुद्ध एकाच सामन्यात चढाईचे ३४ गुण मिळवले, एका चढाईत तर ८. अशा वेळी कोणतेही माप लावा, उत्तर तेच येते. पण २०१९ चा अंतिम सामना घ्या. दिल्लीच्या नवीन कुमारने १८ गुण केले. बंगालचा कर्णधार मणिंदर सिंग दुखापतीमुळे बाहेर. आणि तरीही बंगाल ३९-३४ ने जिंकले. डिसेंबर २०२४ मध्ये बालेवाडीला हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असे हरवले. त्या हंगामात ३०१ गुण करणारा देवांक पाटण्याकडे होता. हरियाणाकडे होता इराणचा बचावपटू मोहम्मदरेझा शादलुई. आदल्याच हंगामात पुणेरी पलटणने विजेतेपद मिळवले, तेव्हा शादलुई पुण्याकडून खेळत होता. दोन हंगाम, दोन संघ, दोन चषक. हा योगायोग असेल तर फार सोयीचा योगायोग म्हणावा लागेल.

आमच्या संख्याशास्त्राच्या सरांना मी वही दाखवली. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, “अरे, एका सामन्यावरून काय ठरवतोस? तुझा कोपरा आणि तो मध्यरक्षक बहुतेक वेळ एकत्रच आत होते. मग श्रेय कोणाचे?” मुद्दा बिनतोड आहे. बास्केटबॉलवाले असा गुंता शेकडो सामन्यांची नोंद घेऊन सोडवतात. आपल्या बाद फेरीत एक हार झाली की गाशा गुंडाळायचा. म्हणजे माझे माप धूसर आहे, हे कबूल. पण चढाईचे गुण हे माप धूसर नाही, ते एका डोळ्याने आंधळे आहे. या दोहोंत मी धूसराच्या बाजूचा.

आणि हे नुसते हारतुऱ्यांपुरते असते तर मी एवढी शाई खर्च केली नसती. निवडीला बसणारी मंडळी प्रत्येक सामना पाहत नाहीत. ती कागद पाहतात. आपल्या राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि तिथवर जाणारी वाट जिल्हा संघातून जाते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरची कितीतरी मुले एमआयडीसीतली पाळी संपवून सरावाला येतात ती याच आशेवर. त्यांतला जो कोपऱ्यात उभा राहतो, त्याच्या कामाला कागदावर रकानाच नाही.

त्या कोपरारक्षकाला मी पुढे स्टेशनवर गाठून वही दाखवली. त्याने आकडे दोनदा वाचले आणि विचारले, “मध्यरक्षकाचे किती आले?” ते मी काढलेच नव्हते. मग बदलापूर गाडी येईपर्यंत बाकावर बसून आम्ही दोघांनी ते काढले. ७ गुणांनी पुढे आले.

जिमखाना समितीकडे माझे एवढेच मागणे आहे: यंदाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या गुणपत्रिकेत प्रत्येक खेळाडूपुढे ‘बाहेर गेला’ आणि ‘आत आला’ असे दोन रकाने वाढवावेत, बोनसचे गुण वेगळे लिहावेत, आणि घोटा धरणाऱ्याचे नाव पकडीच्या नोंदीत आधी घालावे. लेखनिक म्हणून बसायला मी आणि आमच्या वर्गातले दोघे तयार आहोत.