कार्डावरील वजावट आणि दुकानदाराचा करारनामा

येवल्याला पैठणीच्या दुकानात पुण्यामुंबईकडचे एखादे कुटुंब बसते, चार घड्या मोडवून, काठ आणि पदर उजेडात धरून पाहते, १८,००० रुपयांची एक पैठणी पसंत करते आणि पैसे देण्यासाठी क्रेडिट कार्ड पुढे करते, तेव्हा दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्या दरम्यान आणखी तीन पक्ष हक्काने येऊन बसलेले असतात. गिऱ्हाइकाला कार्ड देणारी बँक हा पहिला. व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांसारखी, दोन बँकांमधला निरोप पोचविणारी यंत्रणा हा दुसरा. आणि गल्ल्याशेजारी स्वाइप मशीन ठेवून, रक्कम वसूल करून ती दुकानदाराच्या चालू खात्यात जमा करण्याची जबाबदारी घेणारी बँक किंवा कंपनी हा तिसरा. तिघांचाही मोबदला दुकानदाराच्याच रकमेतून कापला जातो. मात्र पहिल्या दोघांची निवड गिऱ्हाइकाच्या खिशातील कार्डाने आधीच केलेली असते, आणि दुकानदाराच्या हाती निवड उरते ती केवळ तिसऱ्याची.

ही गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे आपले लहान व्यापारी मशीन घेताना एकाच प्रश्नावर सारी घासाघीस करतात, आणि तो प्रश्न म्हणजे ‘टक्के किती?’ वस्तुतः त्या टक्क्यांतला मोठा हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, त्यात मशीनवाल्याला हात घालता येत नाही, आणि त्याच्या स्वतःच्या वाट्याला येणाऱ्या अल्प अंशातून तो जी सूट देऊ शकतो तीही अल्पच असते. दुकानदाराचे खरे हिताहित करारनाम्याच्या ज्या इतर कलमांत दडलेले असते, ती कलमे इंग्रजीत, बारीक टाइपात आणि बहुधा मोबाइलच्या पडद्यावर असतात, व त्यांवर अंगठ्याच्या एका स्पर्शाने संमती घेतली जाते. याविषयी व्यापारी संघटनांनी आणि रिझर्व्ह बँकेने काही ठोस केले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम हिशेब पाहू. क्रेडिट कार्डावरील या वजावटीला, जिला व्यापारात एमडीआर म्हणतात, रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातलेली नाही. दर कराराने ठरतो. तो २ टक्के ठरला असे धरले, तर १८,००० रुपयांवर ३६० रुपये, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ६४.८० रुपये, मिळून ४२४.८० रुपये कापले जाऊन खात्यात १७,५७५.२० रुपये येतात. पैठणीच्या किमतीत सरकारला द्यावयाचा जीएसटीही अंतर्भूत असतो, आणि वजावट त्या कराच्या रकमेवरही बसते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दुकानदाराला या विक्रीत शेकडा १० नफा सुटत असेल, तर त्या १,८०० रुपयांतला जवळजवळ चतुर्थांश येथेच गेला. शुल्कावरील जीएसटीची वजावट नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला आपल्या विवरणपत्रात मिळू शकते. कंपोझिशन योजनेतील लहान दुकानदाराला ती मिळत नाही, म्हणजे ज्याची ऐपत कमी त्यालाच हा बोजा पुरता सोसावा लागतो.

तीच पैठणी डेबिट कार्डावर विकली गेली तर चित्र पालटते. १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या हुकुमानुसार, ज्याची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत आहे अशा दुकानदाराकडून मशीनवरील डेबिट कार्डाच्या व्यवहाराला ०.४० टक्क्याहून, आणि एका व्यवहारामागे २०० रुपयांहून, अधिक घेता येत नाही. म्हणजे ३६० च्या जागी फार तर ७२ रुपये. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवर तर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला काहीच शुल्क नाही. म्हणून जो प्रतिनिधी ‘सगळ्या कार्डांना एकच रेट’ असे सांगून दुकानदाराचे समाधान करू पाहतो, त्याच्याकडून क्रेडिट, डेबिट आणि रुपे यांचे दर निरनिराळे लिहून घेतल्याशिवाय एकाही कागदावर सही करू नये. काही दुकानदार ही वजावट ‘कार्डाला दोन टक्के वर पडतील’ म्हणून गिऱ्हाइकावर ढकलतात. डेबिट कार्डावर असा आकार घेण्यास रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच मनाई केली आहे, आणि क्रेडिट कार्डाच्या बाबतीतही मशीनचा करारनामा बहुधा त्याला प्रतिकूल असतो.

दरापेक्षाही अधिक हानी मशीनच्या भाड्याने होते. दरमहा ५०० रुपये भाडे ऐकायला क्षुल्लक वाटते. परंतु आज बहुतेक गिऱ्हाइके यूपीआयने पैसे देतात, आणि ज्या दुकानात कार्डावरची विक्री महिन्याला २५,००० रुपयांचीच होते, तेथे हे भाडेच विक्रीच्या २ टक्के होऊन बसते. भाडे थेट खात्यातून उचलण्याची परवानगी आरंभीच घेतलेली असते, त्यामुळे मशीन फडताळात बंद पडून राहिले तरी तगादा न लावता रक्कम जात राहते. मशीन परत केव्हा, कोणाकडे आणि कोणत्या शुल्कावर करता येईल, हे घेण्यापूर्वीच विचारणारा दुकानदार मला विरळाच आढळला आहे.

रक्कम जमा होण्याची मुदत हा त्याहून नाजूक विषय. सामान्यतः विक्रीची रक्कम दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी खात्यात येते. मधे सुट्या आल्या की ती लांबू शकते, आणि तत्काळ जमा हवी असेल तर काही कंपन्या निराळे शुल्क घेतात. नोकरदाराला दोन दिवसांचा विलंब जाणवणार नाही, पण धनत्रयोदशी ते भाऊबीज या ऐन हंगामात ज्याला माग चालविणाऱ्या विणकराची मजुरी आणि रेशमाच्या व्यापाऱ्याचे देणे हातावर ठेवावे लागते, त्याचे सारे भांडवल या विलंबात अडकून पडते. शिवाय जमा होणारी रक्कम दिवसाच्या सर्व विक्रीची, वजावट करून, एकठोक येते. कोणत्या बिलाचे किती आले आणि त्यातून किती कापले याचा तपशील हाती नसेल, तर रोजमेळाशी ताळा बसणे अशक्य होते. जी कंपनी प्रत्येक व्यवहारामागची वजावट वेगळी दाखविणारा हिशेब रोजच्या रोज देते, ती दोन पैसे अधिक घेत असली तरी मी तिलाच श्रेयस्कर मानीन.

चार्जबॅक हा प्रकार तर पुष्कळांना प्रथम कळतो तो खात्यातून रक्कम परत गेल्यावर. गिऱ्हाइकाने आपल्या बँकेकडे ‘हा व्यवहार माझा नव्हे’ अथवा ‘माल मिळाला नाही’ अशी तक्रार केली की दुकानदाराने ठरावीक मुदतीत बिल आणि मशीनची पावती हजर करावयाची असते. ती पावती ज्या उष्णतेने छापणाऱ्या कागदावर निघते त्यावरील अक्षरे काही महिन्यांत पुसट होऊन कोरा कागद उरतो. म्हणून मोठ्या रकमेच्या पावतीची छायाप्रत बिलाला त्याच दिवशी जोडून ठेवणे हाच त्यावर उपाय. समोर उभ्या गिऱ्हाइकाने पिन दाबून केलेल्या व्यवहारात दुकानदाराची बाजू भक्कम राहते. दूरच्या गिऱ्हाइकाला मोबाइलवर लिंक पाठवून घेतलेल्या पैशांत ती तितकी भक्कम नसते.

मध्यस्थ कोण आहे याचीही खातरजमा हवी. दुसऱ्याच्या वतीने पैसे गोळा करणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये परवान्याच्या कक्षेत आणले, आणि सप्टेंबर २०२५ मधील निर्देशांनी दुकानातल्या मशीनवर वसुली करणाऱ्या कंपन्यांनाही ते बंधन लागू केले. ३१ जानेवारी २०२४ रोजी पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध जाहीर झाले, तेव्हा ज्यांची विक्रीची रक्कम त्याच बँकेतील खात्यात जमा होत असे त्यांना दुसऱ्या बँकेचे खाते जोडण्यासाठी धावपळ करावी लागली. ज्यांचे खाते अन्य बँकेत होते त्यांचा व्यवहार चालू राहिला. जमेचे खाते मध्यस्थाच्या घरचे नसावे, हा त्यातून निघणारा नियम मी प्रत्येक दुकानदाराला सांगतो.

आता मागणी. किरकोळ कर्जे व लघुउद्योगांची मुदत कर्जे देताना कर्जाच्या सर्व मुख्य अटी आणि एकूण खर्च कर्जदाराला समजेल अशा भाषेत एका पत्रकात द्यावा, असे बंधन रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून घातले आहे. कर्ज घेणाऱ्याला जे संरक्षण, तेच रोज आपली विक्री दुसऱ्याच्या हाती सोपविणाऱ्या दुकानदाराला का नसावे? दर, भाडे, जमेची मुदत, तक्रारीतील परताव्याची पद्धत आणि करारातून मुक्त होण्याचा खर्च मराठीत सांगणारे एक पान सहीपूर्वी हाती पडले, तर गुमास्ता परवाना आणि उद्यम दाखला घेऊन अर्ज करणारा दुकानदार डोळे उघडे ठेवून निर्णय घेईल. हे बंधन येईपर्यंत प्रत्येक गावच्या व्यापारी संघटनेने असे पान स्वतः छापून घ्यावे आणि मशीन घेऊन येणाऱ्या प्रतिनिधीपुढे ठेवावे. जी कंपनी त्यातील रिकाम्या जागा भरून खाली आपला शिक्का उमटविण्यास तयार होईल तिचेच मशीन घ्यावे, मग तिचा दर शेजारच्या दुकानातील मशीनपेक्षा एखाद्या दशांश टक्क्याने चढा का असेना.